अबू राशिदच्या घरचे शब्द

माझ्या कामाला लागणारं सगळं सामान एका कापडी पिशवीत मावायचं. चमचा, किल्ली, कंगवा, साबणाची वडी, पेला, बॅटरी, छोटा आरसा, पायातली एक चप्पल. चिंचवडच्या ज्या रुग्णालयात माझी बहुतेक नोकरी झाली, तिथे नवीन आलेल्या सिक्युरिटीवाल्याने एकदा पिशवी उघडून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, घर बदलताय का?"

मी वाचोपचारतज्ज्ञ. म्हणजे स्पीच थेरपिस्ट. हे सांगितलं की लोक आपल्या भाच्याच्या तोतरेपणाविषयी बोलू लागतात. तोतरी मुलं माझ्याकडे येत, नाही असं नाही. पण आमच्या भागात माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे पक्षाघात झालेली माणसं. कंपनीतल्या रात्रपाळ्या, तंबाखू, न तपासलेला रक्तदाब, आणि एक दिवस जेवताजेवता हात लुळा पडतो. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला असेल तर पुष्कळदा हाताबरोबर शब्दही जातात. याला वाचाघात म्हणतात. बाहेरच्यांना समजायला अवघड जातं ते एवढंच, की माणूस शहाणाच असतो. समोर चमचा आहे, तो कशासाठी आहे, आपल्या घरात तो कुठे ठेवलेला असतो, सगळं त्याला ठाऊक असतं. फक्त नाव सापडत नाही. भोसरीच्या एका फिटरला बरेच महिने एकच शब्द येत होता, 'शिफ्ट'. पाणी हवं असलं तरी शिफ्ट, उशी सरकवायची असली तरी शिफ्ट. त्याच्या बायकोला मात्र कोणती शिफ्ट कशासाठी ते बरोबर कळायचं.

आमची एक जुनी युक्ती आहे. वस्तू दाखवायची आणि शब्दाचा पहिला आवाज आपण द्यायचा. "च…" म्हटलं की अडलेला 'चमचा' पुष्कळदा बाहेर पडतो. बंद पडलेल्या गाडीला मागून धक्का द्यावा तसं. यात एकच अट असते, आपण दिलेला आवाज त्या माणसाच्या शब्दाचा हवा. आमच्या छापील चाचणीत बॅटरीच्या चित्राखाली 'विजेरी' असं लिहिलेलं होतं. काळेवाडीत किंवा दिघीत विजेरी कोण म्हणतं? मी अगदी सुरुवातीलाच तो शब्द खोडून बॅटरी केलं. पेल्याचा गिलास केला. माणसाला त्याच्या घरचा शब्द द्यावा, हे मला कळतं असा माझा समज होता. आणि तो बरीच वर्षं टिकला.

अबू राशिद यांना आमच्याकडे आणलं तळवड्याच्या बाळासाहेबांनी. बाळासाहेब मूळ गावातले, जुने शेतकरी. आता शेतावर शेड आहे आणि शेडमध्ये पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनतात. अबू राशिद हे त्यांचं ओमानमधलं गिऱ्हाईक. तिकडे सोहारजवळ त्यांचं पंपांचं दुकान होतं आणि माल पाहायला ते स्वतः येत. चाकणला दोन कारखाने, तळवड्याला बाळासाहेब, असा त्यांचा ठरलेला फेरा असे. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं. अबू राशिद म्हणजे राशिदचे वडील. तिकडे मोठ्या माणसाला मुलाच्या नावानेच ओळखतात.

"आमच्या शेडमधीच बसल्यालं व्हते, मॅडम," बाळासाहेब सांगत होते. "चा घेता घेता कप सुटला हातातनं. मला वाटलं, गरम लागला. बगतो तर तोंड एका अंगाला गेल्यालं."

"तुम्ही त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचा?"

"हिंदीच की. त्येंची मोडकी, माझी त्याहून मोडकी. अच्छा माल, जल्दी भेजो, खाना खाया क्या. तेवढ्यावर भागतंय. मान्सं लई चांगली हायेत हो. बरं व्हतील नव्हं?"

यावर मी कधीच हो किंवा नाही म्हणत नाही. "प्रयत्न करू," म्हणाले.

धोका टळल्यावर त्यांना आमच्या मजल्यावर हलवलं. साठीपुढचा उंच माणूस, नीट राखलेली पांढरी दाढी, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. बोललेलं त्यांना कळत होतं की नाही हे ठरवणंच कठीण होतं, कारण आम्ही बोलत होतो ते त्यांना झटक्याआधी तरी कुठे कळलं असतं? खुणेने सांगितलं तर मात्र सगळं समजत होतं. त्यांचा पुतण्या येऊन पैशांची आणि कागदांची व्यवस्था लावून परत गेला. मुलगा राशिद तिकडे सरकारी नोकरीत, त्याला रजा मिळेना. बायकोचा व्हिसा अडकलेला. व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर अबू राशिद यांनी फोन पाहिला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. वाचाघाताची माणसं असं करतात. घरच्यांसमोर मुकं दिसण्यापेक्षा दिसूच नये असं त्यांना वाटतं. मग आम्ही फोनचा आग्रह सोडला.

उपचार मातृभाषेत करायचे हा आमचा नियम. म्हणून अरबी शिकणं आलं. पुण्यात पीएच.डी. करणारा यासर नावाचा सुदानी तरुण दुभाषी म्हणून दुपारी येऊ लागला. भाषाशास्त्राचा नव्हे, शेतीचा विद्यार्थी, पण हौशी आणि सभ्य. पिशवीतली एकेक वस्तू मी त्याच्यापुढे धरायची, त्याने नाव सांगायचं आणि मी ते देवनागरीत लिहून घ्यायचं. चमचा म्हणजे मलअगा. खिडकी शुब्बाक. उशी मखद्दा. पंखा मरवहा. बॅटरीला बत्तारिया म्हटल्यावर मला बरं वाटलं. खुर्ची तर कुर्सीच निघाली, साबण साबून निघाला. 'मलअगा'तला मधला आवाज घशाच्या तळातून काढावा लागतो. मी घरी, जिन्यात, रिक्षात त्याचा सराव करत असे. आमच्या मजल्यावरची नंदा, अबू राशिद यांची आया, मूळची लातूरकडची. तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काळजीने विचारलं, "मॅडम, पाणी आणू का?"

त्यांच्याबरोबर उपचाराला बसायला सुरुवात केली तेव्हा मला चांगली आशा होती. माणूस सावध होता, चिडका होता. चिडका रुग्ण मला केव्हाही चालतो. पण काही जमेना. मी चमचा धरायची आणि "म…" म्हणायची. ते मान हलवायचे. मी पुन्हा "म…" म्हणायची. ते डोळे मिटायचे, मानेची शीर ताठ व्हायची, आणि तोंडातून काहीतरी यायचं, "ग… गफ… गफशा." मी यासरकडे पाहायची. तो खांदे उडवायचा. असा शब्द त्याला माहीत नव्हता. वाचाघातात माणसं निरर्थक शब्दही बोलतात, तेव्हा मी तशी नोंद करून पुढे जायची. खिडकीला ते 'दरीशा' म्हणाले. तेही निरर्थकात गेलं.

पुढे गोष्ट आणखी विचित्र झाली. बॅटरी दाखवली तर ते म्हणाले, "बिजली."

"हे हिंदी आहे ना?" यासर म्हणाला.

पंख्याकडे बोट केलं तर 'बंका' म्हणाले. मला त्यात पंखा ऐकू आला. उशीला 'तक्या'. पिशवीतली चप्पल पाहून 'जूती'. मी चक्रावले. अरबी एकही शब्द नाही आणि ही हिंदी कुठून येते? दोन भाषा बोलणाऱ्याची एक भाषा जास्त जाते आणि एक थोडी उरते, असं होतं. पण सहसा लहानपणीची भाषा तग धरते. बाजारात उचललेली नव्हे. मला वाटलं, दिवसभर कानावर पडतंय तेच हे गृहस्थ पोपटासारखं म्हणताहेत. मी नंदाला बाजूला घेतलं.

"त्यांच्याशी हिंदी बोलू नकोस. गोंधळ होतो त्यांचा."

नंदाने माझ्याकडे नीट पाहिलं. "मला हिंदी येतच नाही की, मॅडम. मी मराठीतच बोलते त्यांच्याशी. त्यांना काय, दोन्ही सारखंच."

ते खरंच होतं. तरी मी त्यावर फार विचार केला नाही. माझ्यापुढे दुसरे रुग्ण होते, आणि न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना अहवाल हवा होता. अबू राशिद यांना घरी पाठवायचं की ठेवायचं, हे त्यावर ठरणार होतं. मी लिहिलं की मातृभाषा जवळजवळ पूर्ण गेलेली आहे, दुसऱ्या भाषेचे तुटक शब्द शिल्लक आहेत, फार सुधारणेची अपेक्षा ठेवू नये. डॉक्टर म्हणाले, "मग इथे ठेवून काय उपयोग? सोबत नर्स देऊन विमानाने घरी पाठवू."

हे राशिदला फोनवर सांगायचं काम यासरवर आलं. मी शेजारी उभी होते. यासर हळूहळू, शब्द शोधत बोलला. मग राशिदने काहीतरी विचारलं आणि यासर माझ्याकडे वळला.

"तो विचारतोय, वडिलांना आमची भाषा उरली नसेल तर ते आईशी कसे बोलणार? तिला दुसरी कुठलीच भाषा येत नाही."

मी या व्यवसायात लोकांना पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत. त्यासाठी काही ठरावीक वाक्यं असतात, तीही चांगली पाठ होती. त्या दिवशी मात्र एकही उपयोगाचं वाटलं नाही. "खुणांनी," मी म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांतच राशिदची आई येऊन पोचली. उम्म राशिद. व्हिसा मिळाला होता आणि मुलाने थांब म्हटलं असताना त्या निघाल्या होत्या. नवरा घरीच येणार आहे, आता कशाला जातेस, असं राशिदचं म्हणणं. त्यांचं उत्तर असं की विमानात अनोळखी नर्सबरोबर हा माणूस बसणार नाही. बाळासाहेब त्यांना विमानतळावरून घेऊन आले. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, भरभर चालणारी बाई. खोलीत शिरताच त्यांनी नवऱ्याचं कपाळ चुंबलं, उशी काढून झटकली, पुन्हा लावली, आणि समोर उभं राहून, पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाल्या, "आप… ठीक… है?"

अबू राशिद यांनी बायकोकडे असं पाहिलं की हसू दाबायला मला तोंड फिरवावं लागलं. बाईला काय झालंय, असा तो चेहरा होता.

यासरने विचारून घेतलं. नवऱ्याजवळ आता फक्त हिंदी उरली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. म्हणून त्या गल्लीतल्या वाण्याकडून हिंदी शिकू लागल्या होत्या. वाणी केरळचा होता. दहा-वीस वाक्यं तयार झाली होती. बाकी इथे शिकेन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना उपचाराच्या वेळी बसवून घेतलं. घरी गेल्यावर त्यांनाच सगळं करायचं होतं, तेव्हा पद्धत दाखवावी, एवढाच हेतू. मी पिशवीतून बॅटरी काढली.

"बिजली," अबू राशिद म्हणाले.

"पाहिलंस?" मी यासरला म्हणाले. "त्यांना सांग, आम्ही हिंदी म्हणतो ते हेच."

यासरने सांगितलं. उम्म राशिद यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बॅटरीकडे. आणि त्याला काहीतरी विचारलं. यासर गोंधळला. त्याने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा जोरात.

"त्या म्हणताहेत," यासर सावकाश म्हणाला, "की ही बिजलीच आहे. याला बिजली नाही तर काय म्हणतात, असं विचारताहेत."

"त्यांच्या वाण्याने शिकवलं असेल."

"नाही, मॅम. त्या म्हणतात, त्यांची आईही बिजलीच म्हणायची."

मग मी पिशवीत हात घातला आणि चमचा काढून उम्म राशिद यांच्यापुढे धरला.

"गफशा," त्या म्हणाल्या.

मी खिडकीकडे बोट केलं. "दरीशा." पंख्याकडे. "बंका." उशीकडे. "तक्या." त्या आता उठल्या होत्या. मी बोट करण्याआधीच त्या खोलीभर फिरून एकेका वस्तूवर हात ठेवत होत्या. पलंगावर थाप मारून कर्फाया, कपाटावर कबत. परीक्षा घ्यायला आलेल्या शिक्षिकेसारख्या. यासर कपाळाला हात लावून हसत होता. त्याला त्यातले निम्मे शब्द ठाऊक नव्हते. तो नाईल नदीच्या काठचा, हे लोक समुद्राच्या काठचे. आपल्याकडच्या गलबतांची ये-जा त्या किनाऱ्यावर शतकानुशतकं चाललेली. कुणी पंखा तिकडे नेला, कुणी बिजली, कुणी इराणकडून खिडकी आणली. ते शब्द त्यांच्या घरात इतके मुरले की ते बाहेरचे आहेत हे घरच्यांना सांगूनही पटलं नसतं. आपण तरी खुर्चीवर बसताना अरबी शब्दावर बसतो असं कुठे म्हणतो?

अबू राशिद यांची अरबी गेलेली नव्हती. ते आपल्या घरचे शब्द बरोबर, पुन्हापुन्हा, जिवाच्या आकांताने सांगत होते. मी 'ग' शोधणाऱ्या माणसाला 'म' देत होते. धक्का देत होते तो गाडीच्या पुढच्या बाजूने.

मी डॉक्टरांकडे गेले आणि अहवाल परत मागितला.

"अरबी परत आली?" त्यांनी विचारलं.

"गेलीच नव्हती."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विमानाचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. पक्षाघातानंतरचे पहिले आठवडे सोन्यासारखे असतात. त्यांतले काही आम्ही शुब्बाक आणि मलअगा यांच्यावर घालवले होते. ते परत मिळणार नव्हते. त्याची खंत मला आजही आहे, पण त्या दिवशी तिच्यासाठी वेळ नव्हता.

मग मी पुन्हा अरबी शिकले, या वेळी उम्म राशिद यांच्याकडून. शिक्षिका कडक होती. माझा उच्चार चुकला की माझी हनुवटी धरून जबडा खाली ओढायच्या. रुग्णांचे जबडे धरण्यात माझी उमर गेली होती, माझा कोणी धरला नव्हता. शेजारी नंदाही शिकत होती. तिची पद्धत वेगळी. ती अख्खं वाक्य मराठीत बोलायची आणि त्यात तेवढा एक शब्द अरबी घालायची. "काका, गफशा तोंडात धरा. काका, तक्या वर घेऊ का?" आणि काकांना ते कळायचं.

आता मी "ग…" म्हटलं की "गफशा" यायचं. काही दिवसांनी "ग" म्हणायची गरज उरली नाही. काही शब्द लगेच आले, काही एक दिवस येऊन दुसऱ्या दिवशी गायब झाले, काही आलेच नाहीत. किल्लीचा 'मिफ्ताह' शेवटपर्यंत अडून बसला. असंच असतं. कुठला शब्द का परत येतो हे मला इतक्या वर्षांनंतरही सांगता येत नाही. आणि आपल्याला सांगता येतं असं जे म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

दोन शब्द त्यांनी पहिल्यांदा जोडले ते दुपारच्या जेवणाच्या वेळी. नंदाने चमचा पुढे केला. अबू राशिद यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "गफशा… वसख."

उम्म राशिद टाळ्या वाजवू लागल्या. नंदाने मला विचारलं, "काय म्हणाले?"

"चमचा घाण आहे म्हणाले."

"धुतलाय की मी," नंदा म्हणाली, आणि फणकाऱ्याने चमचा घेऊन नळाकडे गेली. येताना डोळे पुसत होती.

बाळासाहेब अधूनमधून यायचे. यायचे ते पेरू घेऊन. एकदा त्यांनी खिशातून पंपाचा एक लहान भाग काढून अबू राशिद यांच्या डाव्या हातात ठेवला. अबू राशिद यांनी तो फिरवून पाहिला, कडेवरून अंगठा ओढला आणि नापसंतीने मान हलवली. बाळासाहेब खूश झाले. "बगा, डोकं शाबूत हाय. ह्यो पीस रिजेक्शनमधलाच आनलाय मी."

या एका रुग्णानंतर माझ्या कामाची सुरुवात बदलली. पिशवी उघडण्याआधी मी घरच्या माणसाला बसवून विचारू लागले की तुमच्या घरी याला काय म्हणतात. मालवणची माणसं, बीडची माणसं, शेजारच्याच चिखलीची माणसं. पुढे हाताखालच्या मुलींनाही तेच शिकवलं. त्यांना ते इतकं उघड वाटायचं की यात शिकवण्यासारखं काय आहे, असा चेहरा करत. त्यांचं चुकत नव्हतं.

निघायच्या आदल्या सकाळी उम्म राशिद यांनी नवऱ्याला न विचारता मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या पांघरुणावर ठेवून दिला. मी डिस्चार्जचे व्यायाम समजावायला गेले होते. यासर होता, नंदा वेणीफणीचं सामान पिशवीत भरत होती. पडद्यावर राशिद दिसला. तिशी उलटलेला, गणवेशातला, वडिलांसारखाच उंच मानेचा. तो आईला हाका मारत होता. फोन वडिलांसमोर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याला ते दिसले आणि तो बोलायचा थांबला.

अबू राशिद यांनी मान भिंतीकडे वळवली नाही. ते मुलाकडे पाहत राहिले. ओठ हलू लागले, थांबले, पुन्हा हलले. मला सवयीने पहिला आवाज द्यावासा वाटला, पण कुठला द्यायचा हे मला माहीत नव्हतं. उम्म राशिद यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राशिद," अबू राशिद म्हणाले. मग दम घेऊन, "त्रय्यगत?"

यासरला शब्द कळला नाही. उम्म राशिद यांनी त्याला हळूच सांगितलं आणि त्याने मला सांगितलं. त्यांच्याकडे सकाळी घरातलं मोठं माणूस मुलांना हेच विचारतं. नाश्ता केलास का?

पडद्यावरचं चित्र हललं. राशिदने फोन चेहऱ्यापासून दूर नेला असावा. आम्हाला त्याच्या कचेरीचं छत आणि भिंतीचा एक कोपरा तेवढा दिसत राहिला. मग तिकडून आवाज आला, अजून नाही, बाबा.

अबू राशिद यांच्या कपाळावर आठी पडली. ते काहीतरी लांबलचक पुटपुटले. त्यातलं एखाददुसरं अक्षर सोडलं तर शब्द असा लागत नव्हता, पण सूर रागाचा होता. मी उम्म राशिद यांच्याकडे पाहिलं.

"त्या म्हणतात," यासर म्हणाला, "ते त्याला म्हणताहेत की किती वाजले बघ, आणि जाऊन आधी काहीतरी खा."